चालू पोस्टग्रेसचा बॅकअप: कॉपी विस्कळीत असते, मग डेटाबेस जुळून कसा येतो?

प्रश्न थोडक्यात असा: पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर सुमारे ५०० जीबीचा डेटाबेस आहे, तो चोवीस तास चालू असतो, बंद करायची सोय नाही. रोज रात्री २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) डेटा डिरेक्टरीचा, म्हणजे डेटाबेसच्या फाइली असतात त्या फोल्डरचा, टार (सगळ्या फाइलींचा एक गठ्ठा) काढून दुसऱ्या सर्व्हरवर टाकला जातो. टार निघायला तासभर लागतो आणि त्या तासात नोंदी पडतच असतात. मग हा बॅकअप नेमका कोणत्या क्षणाचा धरायचा? आणि वेळ आली तर तो उभा राहील का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: या टारवर विसंबू नका. गंमत म्हणजे बऱ्याचदा त्यातून पोस्टग्रेस सुरू होईलही, आणि घोळ तिथेच आहे.

टारने एका टेबलाची फाइल २:०५ ला उचलली, त्याच टेबलाच्या इंडेक्सची (ओळ चटकन शोधून देणारी सूची) २:४० ला, आणि कोणतं ट्रान्झॅक्शन (व्यवहार) कमिट म्हणजे पक्कं झालं हे ज्यात लिहिलेलं असतं ती पीजी_एक्सॅक्टमधली फाइल २:५५ ला. मधल्या वेळेत पडलेल्या नोंदी इंडेक्समध्ये आहेत, टेबलात नाहीत. इंडेक्स ज्या जागेकडे बोट दाखवतो तिथे नंतर दुसरीच ओळ येऊन बसली, तर एका खात्याचा शोध घेताना दुसऱ्याचं खातं हाती लागतं. शिवाय पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं असतं. टार ते वाचत असतानाच सर्व्हर ते लिहीत असेल, तर अर्धं पान जुनं आणि अर्धं नवं अशी फाटकी कॉपी निघते.

"पण टारमध्ये पीजी_वॉल, म्हणजे बदलांच्या लॉगची डिरेक्टरीही आहे, क्रॅशनंतर होते तशी रिकव्हरी होईलच की" असं यावर म्हटलं जातं. होत नाही, आणि का होत नाही हे कळलं की बाकीचं सगळं सोपं आहे. क्रॅशनंतर रिकव्हरी कुठून सुरू करायची हे पोस्टग्रेस पीजी_कंट्रोल या फाइलीत पाहतं. तिच्यात शेवटच्या चेकपॉइंटची जागा असते; चेकपॉइंट म्हणजे तोवरचे सगळे बदल डेटा फायलींत उतरवल्याची खूण. समजा टारने ही फाइल २:५० ला उचलली आणि तिच्यातला चेकपॉइंट २:४५ चा आहे. पोस्टग्रेस धरून चालतं, की २:४५ पर्यंतचे सगळे बदल डेटा फायलींत उतरलेले आहेत, आपण पुढचं बघायचं. पण २:०५ ला उचललेल्या फाइलीत २:०५ ते २:४५ मधलं काहीच नाही. ती चाळीस मिनिटं कोणी भरून काढत नाही, आणि ती गायब होतात तीही काही फायलींतूनच. सर्व्हर बिनतक्रार उठतो, लॉगमध्ये एकही एरर नाही. पुढे एखाद्या रिपोर्टमध्ये बेरीज जुळत नाही तेव्हा शोधाशोध सुरू होते.

आता महत्त्वाची गोष्ट: चालू डेटाबेसची फाइल-कॉपी अशी विस्कळीतच असते. पीजी_बेसबॅकअपने काढा, पीजीबॅकरेस्टने काढा, नाहीतर बारमनने. या साधनांच्या कॉपीतही एक फाइल २:०५ ची आणि दुसरी २:५५ ची असते. फाइली कॉपी करताना जग थांबवायची जादू कोणाकडेही नाही. फरक इतकाच, की कॉपी कधी सुरू झाली ते पक्कं टिपून ठेवलेलं असतं आणि तिथपासून पुढचा सगळा वॉल, म्हणजे राइट-अहेड लॉग, हातात असतो.

हिशेब ठेवणाऱ्याला हे चटकन कळेल. वॉल म्हणजे रोजकीर्द, डेटा फाइली म्हणजे खतावणी. प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत पडतो, खतावणीत सवडीने उतरतो. खतावणीची पानं वेगवेगळ्या वेळी नकलून घेतली तरी बिघडत नाही, मात्र नकलायला बसलो त्या क्षणापासूनची रोजकीर्द सलग हवी आणि ती पहिल्या ओळीपासून पुन्हा उतरवायला हवी.

यंत्रणा अशी चालते. बॅकअप सुरू करताना पीजी_बॅकअप_स्टार्ट हे फंक्शन बोलावलं जातं (आवृत्ती १५ पासून हे नाव आहे, त्याआधी पीजी_स्टार्ट_बॅकअप होतं). ते चेकपॉइंट घडवून आणतं, म्हणजे तोवरचे बदल डिस्कवर उतरवले जातात, आणि त्या चेकपॉइंटचा रीडो पॉइंट, म्हणजे वॉल जिथून पुन्हा वाचायचा ती जागा, टिपला जातो. हाच रीडो पॉइंट पुढे बॅकअप_लेबल नावाच्या छोट्या मजकूर-फाइलीत जातो. वरच्या उदाहरणात तो २:०० चा असेल. रिस्टोअर करताना पोस्टग्रेसला बॅकअप_लेबल दिसली की ते पीजी_कंट्रोलमधल्या २:४५ कडे दुर्लक्ष करून २:०० पासून वॉल वाचायला लागतं. चाळीस मिनिटांचं भगदाड तिथेच बुजतं.

फाटक्या पानांचं काय? चेकपॉइंटनंतर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला, की पोस्टग्रेस नुसता बदल न लिहिता ते अख्खं पान वॉलमध्ये टाकतं. फुल_पेज_राइट्स ही ती सेटिंग. ती एरवीही चालूच असते, आणि कोणी वेग मिळवण्यासाठी बंद केली असली तरी बॅकअप चालू असेपर्यंत सर्व्हर ती सक्तीने लागू करतो. त्यामुळे कॉपी करताना जे पान लिहिलं जात होतं त्याची पूर्ण प्रत वॉलमध्ये आहेच. रिप्लेमध्ये, म्हणजे वॉल पुन्हा उतरवताना, आधी ती प्रत कॉपीतल्या पानावर जशीच्या तशी बसते, मग पुढचे बदल तिच्यावर चढतात. कॉपीतलं पान फाटकं असो नाहीतर गरजेपेक्षा नवं असो, शेवटी ते योग्य अवस्थेलाच येतं. बॅकअपच्या वेळात वॉल एकदम फुगलेला दिसतो तो यामुळेच. घाबरायचं कारण नाही, पण डिस्कवर तेवढी जागा ठेवा.

कॉपी संपली की पीजी_बॅकअप_स्टॉप. ते वॉलमध्ये 'बॅकअप इथे संपला' अशी नोंद टाकतं, चालू सेगमेंट (वॉलचा एक तुकडा) बंद करून पुढचा उघडतं आणि आर्काइव्हिंग, म्हणजे भरलेले सेगमेंट दुसरीकडे जपून ठेवणं, चालू असेल तर शेवटचा लागणारा सेगमेंट आर्काइव्हमध्ये पोचेपर्यंत थांबतं. रिस्टोअरमध्ये रिप्ले त्या नोंदीपर्यंत पोचल्याशिवाय पोस्टग्रेस कोणालाही आत घेत नाही. पोचला की लॉगमध्ये 'कन्सिस्टंट रिकव्हरी स्टेट रीच्ड' अशी ओळ येते. वॉल मध्येच संपला तर 'वॉल एंड्स बिफोर एंड ऑफ ऑनलाइन बॅकअप' म्हणत सर्व्हर सरळ बंद पडतो. हा नकार चांगला आहे. वरच्या टारला नकार द्यायचीही अक्कल नसते, कारण त्यात बॅकअप_लेबलच नाही.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दोनला सुरू झालेला आणि तीनला संपलेला फिजिकल बॅकअप (फाइलींची कॉपी) तीनचा असतो. त्याच्या आधीच्या कुठल्याही क्षणावर तो उभा करता येत नाही. त्यानंतर मात्र वॉल जिथवर सलग आहे तिथवरचा कुठलाही क्षण मिळतो. पीजी_डंपचं (तो फाइलींऐवजी ओळी वाचून प्रत काढतो) नेमकं उलट: त्याचा डंप सुरू झाला त्या क्षणाचा असतो, मग तो चार तास का चालेना. रिकव्हरीचं गणित मांडताना या दोन्हींची सर्रास गल्लत होते.

बॅकअप_लेबलबद्दल एक सावधगिरी, कारण सगळ्यात वाईट नुकसान इथे होतं. रिस्टोअर करताना लागणारा वॉल सापडला नाही, की पोस्टग्रेस एरर देतं आणि खाली सूचना छापतं, की बॅकअपमधून रिस्टोअर करत नसाल तर बॅकअप_लेबल काढून पाहा. रात्री दोन वाजता, मागे साहेब उभे असताना, माणूस त्यातलं शेवटचंच वाचतो आणि फाइल उडवतो. सर्व्हर लगेच उठतो. सगळे खूश. प्रत्यक्षात आपण पुन्हा त्या २:४५ च्या भगदाडात गेलेलो असतो. रिस्टोअर चालू असताना ही फाइल कधीही काढायची नाही. हरवलेला वॉल शोधा, नाहीतर आदल्या बॅकअपवर जा.

प्रत्यक्ष कामाला लागायचं तर पीजी_बेसबॅकअपने सुरुवात करा. ते आवृत्ती ९.१ पासून सोबत येतं आणि स्टार्ट-स्टॉप, लेबल, टेबलस्पेस (डेटा डिरेक्टरीबाहेर ठेवलेल्या फाइलींची जागा) सगळं स्वतः सांभाळतं. वॉल-मेथड 'स्ट्रीम' ठेवा, आवृत्ती १० पासून डिफॉल्ट तेच आहे. फाइली कॉपी होत असताना ते दुसऱ्या कनेक्शनवरून वॉल ओढत राहतं, म्हणून प्रत्येक बॅकअपला रेप्लिकेशनची (डेटा दुसरीकडे पाठवत राहण्याची) दोन कनेक्शनं लागतात. कमांड दिल्यावर काही मिनिटं काहीच हलत नाही, प्रोग्रेस शून्यावर. ते अडकलेलं नसतं, चेकपॉइंट हळूहळू व्हायची वाट बघत असतं. चेकपॉइंट_टाइमआउट डिफॉल्ट ५ मिनिटं आणि कम्प्लिशन टार्गेट ०.९, म्हणजे साडेचार मिनिटांपर्यंत शांतता साहजिक आहे. घाई असेल तर चेकपॉइंट 'फास्ट' द्या, पण डिस्कवर एकदम भार येतो हे धरून.

टार किंवा आरसिंक (फाइली कॉपी करणारी कमांड) वापरायचाच हट्ट असेल तर स्टार्ट आणि स्टॉप एकाच सेशनमधून द्यावे लागतात. ते सेशन मध्ये तुटलं की बॅकअप बाद. स्टॉप परत देतो तो मजकूर बॅकअप_लेबल म्हणून जसाच्या तसा, एक बाइटही न बदलता, बॅकअपमध्ये ठेवायचा, चालू डेटा डिरेक्टरीत नाही. टेबलस्पेस_मॅपचंही तसंच. पीजी_वॉलमधल्या फाइली, पोस्टमास्टर.पीआयडी आणि पीजी_रेप्लस्लॉटमधला मजकूर कॉपीतून वगळा. वाचता वाचता फाइल बदलली तर ग्नू टार १ हा कोड देतो, गायब झाली तर आरसिंक २४ देतो. चालू डेटाबेसवर हे अपेक्षितच आहे. टारचा २ मात्र खरी चूक समजा. स्क्रिप्टमध्ये सगळेच कोड सरसकट दुर्लक्षित केलेले सापडतात, आणि मग डिस्क भरली तरी 'बॅकअप यशस्वी' अशी मेल येते.

बेस बॅकअपपेक्षा जास्त चुका आर्काइव्हिंगमध्ये होतात. वॉल १६ एमबीच्या सेगमेंटमध्ये तुटतो. प्रत्येक सेगमेंट भरला की आर्काइव्ह_कमांड चालते आणि तिने शून्य परत दिलं, की पोस्टग्रेस तो सेगमेंट पुसायला किंवा पुन्हा वापरायला मोकळं होतं. म्हणजे शून्य हा तुमचा शब्द आहे: फाइल पक्की पोचली. नुसती सीपी (साधी कॉपीची कमांड) हा शब्द पाळत नाही. सीपी संपली तरी डेटा पलीकडच्या मशीनच्या मेमरीत असू शकतो, तिची वीज गेली की शून्य बाइटची फाइल मागे उरते. आणखी एक नेहमीचं: जीझिपने कॉम्प्रेस करून पाइपने पुढे पाठवणारी ओळ. शेल शेवटच्या कमांडचाच कोड परत करतो, त्यामुळे जीझिप मध्येच मेला तरी वर शून्य जातं. कमांड अशी हवी: आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं, सिंक करायचं, मग एमव्हीने खरं नाव द्यायचं. त्या नावाची फाइल आधीच असेल आणि मजकूर तोच असेल तर शून्य, कारण क्रॅशनंतर पोस्टग्रेस तोच सेगमेंट पुन्हा पाठवू शकतं. मजकूर वेगळा असेल तर एरर, ओव्हरराइट कधीच नाही. हे सगळं हाताने लिहिण्यापेक्षा पीजीबॅकरेस्ट किंवा वॉल-जी वापरलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कमांड शून्याशिवाय काही देत राहिली तर पोस्टग्रेस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि सेगमेंट साठवत राहतं. डिस्क भरली की सर्व्हर पॅनिक होऊन बंद. सोडून दिलेला रेप्लिकेशन स्लॉटही (दुसऱ्या सर्व्हरसाठी वॉल राखून ठेवणारी सोय) हेच करतो. आवृत्ती १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज लावून त्याला लगाम घालता येतो. अशा वेळी जागा करायला पीजी_वॉलमधल्या फाइली हाताने उडवू नका. 'लॉग' आहेत म्हणून उडवल्या आणि डेटाबेस गेला, हे अजूनही घडतं. आर्काइव्हचं अडलेलं आधी सोडवा, मग सर्व्हर स्वतःच जागा मोकळी करतो. पीजी_स्टॅट_आर्काइव्हर या व्ह्यूमध्ये शेवटचा यशस्वी सेगमेंट, त्याची वेळ आणि फसलेल्या प्रयत्नांची संख्या दिसते. दर मिनिटाला ते पाहणारा अलर्ट लावा.

रात्री फारशा नोंदी पडत नसतील तर १६ एमबी भरायला तास लागेल, आणि तेवढ्यात मशीन गेलं तर तो तास गेला. आर्काइव्ह_टाइमआउट ६० सेकंद ठेवला तर नुकसान साधारण मिनिटापुरतं राहतं. अर्धवट भरलेली फाइलही १६ एमबीचीच असते, म्हणून कॉम्प्रेशन हवंच. मिनिटही परवडत नसेल तर पीजी_रिसीव्हवॉल लावा, ते सेगमेंट भरायची वाट न पाहता वॉल ओढून घेतं. वॉल_लेव्हल किमान 'रेप्लिका' हवी. अनलॉग्ड टेबलं वॉलमध्ये जातच नाहीत, रिस्टोअरनंतर ती रिकामी मिळतात. कोणी वेगासाठी एखादं महत्त्वाचं टेबल अनलॉग्ड करून ठेवलंय का, आजच बघा.

बेस बॅकअप किती दिवसांनी घ्यायचा? रिस्टोअरला किती वेळ चालेल, त्यावरून मागे हिशेब करा. ५०० जीबी एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून आणायचे तर सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी, म्हणजे ४००० सेकंद, सव्वा तास धरा. हे आदर्श परिस्थितीत. आता दिवसाला ४० जीबी वॉल तयार होत असेल तर ते झाले २५६० सेगमेंट. रिस्टोअर_कमांड त्यांना एकेक करून आणते. प्रत्येकाला अर्धा सेकंद लागला तरी दिवसाचे सुमारे २१ मिनिटं नुसते आणण्यात, आणि रविवारचा बेस घेऊन शनिवारी रिस्टोअर करायची वेळ आली तर दोन तासांहून जास्त. त्यावर रिप्लेचा वेळ वेगळा, आणि रिप्ले एकच प्रोसेस करते. सर्व्हरला ६४ कोअर असून उपयोग नाही. सेगमेंट आधीच आणून ठेवणारी साधनं म्हणूनच मोलाची. आवृत्ती १७ पासून पोस्टग्रेसमध्येच इन्क्रिमेंटल बॅकअप (फक्त बदललेल्या भागाचा) आला आहे: समराइझ_वॉल चालू करायचं, मागच्या बॅकअपचं मॅनिफेस्ट (त्यातल्या फाइलींची यादी) द्यायचं, आणि रिस्टोअरच्या वेळी पीजी_कम्बाइनबॅकअपने सगळे तुकडे एकत्र करायचे. वॉलचे सारांश डिफॉल्ट १० दिवसच ठेवले जातात, त्याहून जुन्या बॅकअपवर इन्क्रिमेंटल घ्यायला गेलात तर तो अडतो. आणि साखळीतला एक तुकडा गेला, की पुढचे सगळे निकामी.

चुकून डिलीट झालेलं परत आणायचं असेल तर ठरावीक क्षणापर्यंतची रिकव्हरी. आवृत्ती १२ पासून रिकव्हरी.कॉन्फ गेली. आता सेटिंग नेहमीच्या कॉन्फिग फाइलीत लिहायची आणि डेटा डिरेक्टरीत रिकव्हरी.सिग्नल नावाची रिकामी फाइल ठेवायची. रिकव्हरी_टार्गेट_टाइम देताना आपल्याकडे हमखास होणारी चूक टाइमझोनची. सर्व्हर यूटीसीवर, वापरणारा सांगतो "दुपारी सव्वातीनला उडालं", आणि टार्गेट जातं साडेपाच तास चुकून. वेळेपुढे +०५:३० असा आकडाच लिहा. आयएसटी ही अक्षरं लिहू नका: पोस्टग्रेसच्या मूळ संक्षेप-यादीत आयएसटी म्हणजे इस्रायलची प्रमाणवेळ आहे, यूटीसीच्या दोन तास पुढे.

रिकव्हरी_टार्गेट_अॅक्शन डिफॉल्ट 'पॉज' आहे, ते तसंच राहू द्या. टार्गेटवर रिप्ले थांबतो, तुम्ही फक्त वाचायला आत जाऊन उडालेल्या ओळी आहेत का ते बघता. नसतील तर सर्व्हर थांबवून टार्गेट पुढे सरकवता येतं. मागे मात्र जाता येत नाही, त्यासाठी बेसपासून पुन्हा सुरुवात. म्हणून पहिलं टार्गेट मुद्दाम थोडं आधीचं घ्या. टार्गेट वेळेनंतरचा एकही कमिट वॉलमध्ये नसेल, तर आवृत्ती १३ पासून 'रिकव्हरी एंडेड बिफोर कॉन्फिगर्ड रिकव्हरी टार्गेट वॉज रीच्ड' अशी एरर येते. त्याचा अर्थ एकतर तुमची वेळ शेवटच्या कमिटपुढची आहे, नाहीतर आर्काइव्हमध्ये मध्येच सेगमेंट गहाळ आहे. लॉगमध्ये शेवटचा वाचलेला सेगमेंट कोणता ते पाहिलं की लगेच कळतं.

आणखी एक सापळा. रिस्टोअर केलेल्या सर्व्हरची कॉन्फिग फाइल बॅकअपमधूनच आलेली असते, आणि तिच्यात आर्काइव्ह_कमांड प्रॉडक्शनचीच (खऱ्या कामाच्या सर्व्हरची) आहे. चाचणीचा सर्व्हर प्रमोट झाला (रिकव्हरी संपवून लिहायला खुला झाला), की नवी टाइमलाइन (वॉलचा वेगळा फाटा) सुरू करतो आणि आपले सेगमेंट व हिस्टरी फाइल खुशाल प्रॉडक्शनच्या आर्काइव्हमध्ये टाकतो. पुढे खरी रिकव्हरी करताना रिकव्हरी_टार्गेट_टाइमलाइन 'लेटेस्ट' असते, ती या चाचणीच्या फाट्यावर वळू पाहते. चाचणीत पहिलं काम म्हणजे आर्काइव्हिंग बंद करणं, आणि त्या मशीनला आर्काइव्हवर फक्त वाचायची परवानगी देणं. मॅक्स_कनेक्शन्ससारख्या सेटिंग छोट्या मशीनवर कमी करायच्या नाहीत. मूळ सर्व्हरपेक्षा कमी असतील तर वाचनासाठी उघडी ठेवलेली रिकव्हरी अडते.

रिस्टोअर झालं हे कशावरून मानायचं? सर्व्हर उठला हा पुरावा नाही, ते वर आलंच. पीजी_व्हेरिफायबॅकअप (आवृत्ती १३ पासून) मॅनिफेस्टशी फाइली ताडून पाहतं आणि लागणारा वॉल वाचता येतो का तेही बघतं. पण मुळातच बिघडलेलं पान इमानदारीने कॉपी झालं असेल तर ते त्याला कळत नाही. त्यासाठी डेटा चेकसम (प्रत्येक पानासोबतचा पडताळणीचा आकडा). आवृत्ती १८ मध्ये नवा क्लस्टर करताना ते डिफॉल्ट चालू असतात, जुन्यांत सर्व्हर बंद करून पीजी_चेकसम्सने चालू करता येतात. चालू असतील तर पीजी_बेसबॅकअप कॉपी करतानाच प्रत्येक पान तपासतं. रिस्टोअर केलेल्या प्रतीवर पीजी_एएमचेक (टेबलं आणि इंडेक्स तपासणारं साधन) चालवा, मग सगळा पीजी_डंप /डेव्ह/नल मध्ये (टाकलेलं फेकून देणारी जागा) सोडा. डंप टेबलातली प्रत्येक ओळ वाचतो, पण इंडेक्सला हात लावत नाही, म्हणून दोन्ही हवेत. शेवटी धंद्याच्या आकड्यांचे दोनचार प्रश्न: आदल्या दिवसाची एकूण जमा, शेवटचा पावती क्रमांक.

मशीन बदलताना इंडेक्स बिघडण्याचं आणखी एक कारण बॅकअपमध्ये नसतंच. ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत, २०१८ साली, अक्षरांचा क्रमवारीचा नियम मोठ्या प्रमाणात बदलला. रेड हॅट ७ वरचा फिजिकल बॅकअप रेड हॅट ८ वर, किंवा उबुंटू १८.०४ वरचा २०.०४ वर उभा केला, तर नावं, गावं अशा मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेले आणि शोध नव्या क्रमाने. ओळ टेबलात असून सापडत नाही, आणि युनिक इंडेक्स असूनही तीच नोंद दुसऱ्यांदा पडते. असे इंडेक्स रीइंडेक्स करायचे, नाहीतर हे स्थलांतर डंपने करायचं.

डंपची जागा वेगळी आहे. पीजी_डंप एकच स्नॅपशॉट (एका क्षणाचं चित्र) धरून वाचतो, म्हणून एका डेटाबेसपुरता तो सुसंगत असतो. समांतर चालवला तरी सगळे वर्कर तोच स्नॅपशॉट वापरतात. दोन डेटाबेसचे डंप मात्र एका क्षणाचे नसतात. रोल आणि पासवर्ड त्यात येत नाहीत, ते पीजी_डंपऑलच्या ग्लोबल्स-ओन्लीने वेगळे घ्यावे लागतात. डंप चालेपर्यंत व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसची साफसफाई) मेलेल्या ओळी साफ करता येत नाहीत, त्यामुळे ५०० जीबीवर रोजचा डंप टेबलं फुगवतो. आणि रिस्टोअर करताना सगळे इंडेक्स नव्याने बांधले जातात, त्याला कॉपीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. एखादं टेबल परत आणायला, आवृत्ती बदलायला डंप उत्तम. मुख्य बॅकअप म्हणून इतक्या आकाराला नको. पीजी_डंपची आवृत्ती सर्व्हरपेक्षा जुनी असेल तर तो नकार देतो. गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीने ३१ जानेवारी २०१७ च्या (डेटाबेस उडण्याच्या) घटनेनंतर स्वतःच जाहीर केलं तेच घडलं होतं: सर्व्हर ९.६ चा, चालत होता ९.२ चा पीजी_डंप, आणि अपयशाच्या मेल डीमार्क या ईमेल-पडताळणीमुळे नाकारल्या जात होत्या. सुमारे सहा तास जुना एलव्हीएम (डिस्कचा) स्नॅपशॉट योगायोगाने हाती होता म्हणून निभावलं.

डिस्कचे स्नॅपशॉट चालतात, अट एकच: डेटा, वॉल आणि सगळे टेबलस्पेस एकाच क्षणी गोठले पाहिजेत. तेव्हा तो वीज गेल्यानंतरच्या डिस्कसारखा असतो आणि साधी क्रॅश रिकव्हरी पुरते. वॉल वेगळ्या व्हॉल्यूमवर असेल आणि दोन स्नॅपशॉटमध्ये सेकंदाचं जरी अंतर असेल, तर स्टार्ट-स्टॉप लावूनच घ्या. त्याच स्टोरेजवर पडून राहिलेला स्नॅपशॉट स्टोरेजबरोबरच जातो.

मायएसक्यूएलवाल्यांसाठी इतकंच: तत्त्व तेच आहे. एक्स्ट्राबॅकअप फाइली उचलताना रीडो लॉग सोबत ओढतो आणि 'प्रिपेअर' पायरीत तो फायलींवर चढवतो. प्रिपेअर न करता फाइली जागेवर ठेवणं म्हणजे आपला रात्रीचा टार. मायएसक्यूएलडंपचं सिंगल-ट्रान्झॅक्शन फक्त इनोडीबी प्रकारच्या टेबलांना लागू, एखादं टेबल मायआयसॅम या जुन्या प्रकारचं राहिलं असेल तर ते सुसंगत येत नाही, आणि डंप चालू असताना कोणी ऑल्टर टेबल केलं तर तोही बिघडतो.

जुनं साफ करताना क्रम पाळा. वॉल तारखेवरून उडवू नका. ठेवायचा आहे त्यातला सगळ्यात जुना बेस बॅकअप कोणता ते बघा, त्याच्या बॅकअप_लेबलमध्ये सुरुवातीच्या सेगमेंटचं नाव असतं, त्याच्या आधीचेच सेगमेंट काढा. पीजी_आर्काइव्हक्लीनअपला तेच नाव द्यायचं. '७ दिवसांपेक्षा जुनं डिलीट' अशी क्रॉनची ओळ बेस बॅकअप एकदा चुकला, की उरलेल्या बेसचा वॉल खाऊन टाकते.

राहिले तुमच्याकडचे आजवरचे टार. ते लगेच फेकू नका, पण त्यांच्या नावात 'बेभरवशी' घाला, म्हणजे अडचणीत कोणी त्यांनाच धरून बसणार नाही. पहिला पीजी_बेसबॅकअप घ्या, तो वेगळ्या मशीनवर वॉलसकट उभा करा, एएमचेक आणि डंप पार पडू दे. त्यानंतर टार उडवा आणि क्रॉनमधली ती ओळही काढा.